वाटा घ्या हो

सान यी आणि मी नदीच्या धक्क्यावर शेजारी शेजारी बसून वर्षानुवर्षं धंदा करतोय. ती मोहिंगा विकते, मी विडे. तिच्याकडचा माशाचा रस्सा आणि शेवया खाल्लेलं गिऱ्हाईक माझ्याकडे पान खाल्ल्याशिवाय पुढे सरकत नाही, त्यामुळे आमच्यात कधी वितुष्ट आलं नाही. शिवाय तिच्याशी भांडण्यात अर्थच नसतो. तिच्या पोटात काही राहत नाही. रस्सा खारट झाला तर गिऱ्हाइकाने तोंड वाकडं करायच्या आधी हीच ओरडायची, "आज हात सैल सुटलाय, लिंबू पिळून घ्या!" अशा बाईला धंदा कसा जमतो याचं मला नवल वाटायचं, पण रांग तिच्यापुढेच असायची.

तिचा नवरा ऊ न्यो तुन, ऊ म्हणजे आमच्याकडचं 'राव', होडी चालवायचा. या काठावरून त्या काठावर माणसं, कोंबड्या, सायकली. मग एका वर्षी नदी ओलांडून देण्याचा ठेका लिलावात निघाला. लिलाव कसला, एका निवृत्त मेजरच्या कंपनीचं नाव आधीच ठरलेलं होतं आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बोलावलं होतं. तेव्हा म्हणे आमच्याकडे निवडून आलेलं सरकार होतं. आम्ही मतं दिली होती, बोटाला जांभळी शाई लावून फोटो काढले होते. सान यी आमदाराकडे गेली. माणूस भला होता. त्याने तिला चहा पाजला आणि म्हणाला, "मावशी, पोलीस लष्कराचे, जमीन त्यांची, सरहद्द त्यांची. मला फक्त शाळांच्या फिती कापायला ठेवलंय." ते खरंच होतं. पुढे लष्कराने उरलंसुरलं सरकारही हातात घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याला तुरुंगात नेऊन घातलं.

होडीचा धंदा गेल्यावर न्यो तुन जाळं घेऊन नदीत जायला लागला. एका पुरात होडी खाली वाहत आलेली सापडली, तो नाही सापडला. माणूस असा अवचित बुडून गेला की आमच्याकडे धास्ती घेतात. तो सुटत नाही, पाण्यापाशीच घुटमळत राहतो म्हणतात. सान यीला तर तशी खात्रीच होती. ती रोज सकाळी पहिला वाडगा नदीकडे तोंड करून ठेवायची आणि त्याच्याशी बोलायची, तेही सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "आज बोंबील महाग झालाय हो!" म्हणून सांगायची.

मागे राहिला एकुलता एक मुलगा, थुरेइन. बाविशीचा. आई जितकी बोलकी तितका हा मुखदुर्बळ. बाजारात एका टेबलावर बसून मोबाइल दुरुस्त करायचा, आणि गिऱ्हाइकाला "होईल" आणि "नाही होणार" याच्यापुढे तिसरा शब्द सांगायचा नाही. मला तो पोरगा आवडायचा.

बंदुका घेऊन जंगलात गेलेल्या बंडखोर पोरांकडून मार खाऊन खाऊन लष्कराला माणसं कमी पडायला लागली, तेव्हा सक्तीच्या भरतीचा कायदा आला. अठरा ते पस्तिसातला कुणीही पुरुष. आमच्या वॉर्डात हे काम ऊ सो पाइंगकडे. हा पूर्वी कॅसेटी भाड्याने द्यायचा. लष्कराने त्याला वॉर्डप्रमुख केलं आणि बघता बघता त्याच्या घरावर सोलर पॅनेल आलं, बोटात माणकाची अंगठी आली. माणूस म्हणून तो राक्षस नव्हता. राक्षस असता तर निदान शिव्या घालायला सोपं गेलं असतं. तो गोड बोलायचा, सगळ्यांना मावशी-काका म्हणायचा, आणि चहापाण्याशिवाय बोट हलवायचा नाही.

वॉर्डाच्या कचेरीत प्लास्टिकच्या बादलीतून चिठ्ठ्या काढायचे. माइकवरून सांगायचे की बघा, किती पारदर्शक कारभार आहे. बादलीत कुणाच्या चिठ्ठ्या नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भाताच्या गिरणीवाल्याला चार तरणे मुलगे, पण त्यांच्यातल्या एकाचंही नाव कधी निघालं नाही. निघायचे ते हमालांचे, रिक्षावाल्यांचे, विधवांचे मुलगे.

सान यीने नवऱ्याच्या होडीचं इंजिन विकलं आणि सो पाइंगचे हात ओले केले. दोन वेळा थुरेइनची चिठ्ठी निघाली नाही. तिसऱ्या वेळी निघाली. ती तरातरा त्याच्याकडे गेली, मी मागोमाग.

"मावशी, माझा काय दोष?" सो पाइंग म्हणाला. "वरचा साहेब बदलला. जुन्याचं चहापाणी नव्याला पोचत नाही."

"मग नव्याचं वेगळं सांगायचं होतंस!"

"अहो हळू बोला. सांगणारच होतो. पण ते मागतात ते ऐकून तुम्हाला चक्कर आली असती."

त्याने आकडा सांगितला. तिला चक्कर आली नाही, पण परत येताना ती वाटेत एक शब्द बोलली नाही. 

थायलंडला पळून जायचा रस्ता होता, पण त्यावर दलाल, आणि दलालांवर पुन्हा लष्कराची चौकी. कायद्यात सूट एकाच माणसाला होती, चीवर पांघरलेल्या भिक्षूला. आता यात लबाडी आहे असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या पावसाळ्यात नदीच्या दोन्ही काठांवरच्या विहारांत जितके तरुण भिक्षू झाले तितके माझ्या आयुष्यात मी पाहिले नाहीत, आणि त्यांच्यापैकी निम्म्यांच्या मानेवर गोंदलेले ड्रॅगन होते.

थुरेइनची दीक्षा पलीकडच्या काठावरच्या एका आडबाजूच्या विहारात झाली. मिरवणूक नाही, वाजंत्री नाही, जेवणावळ नाही. मुलाच्या दीक्षेला आमच्याकडे माणूस घर विकतो, आणि ही चोरासारखी एका कोळ्याच्या ताडपत्री टाकलेल्या होडीतून गेली. मी बरोबर होते. मोठ्या भंतेंनी वस्तरा चालवला, सान यीने पांढरं कापड धरलं, त्यात त्याचे केस पडत गेले. तो काषाय वस्त्रात बाहेर आला तशी तिने गुडघे टेकून तीनदा डोकं जमिनीला लावलं. आता तो तिचा मुलगा नव्हता. भंते ज्योतिक होता. त्याला हात लावायचा नाही, त्याच्यापेक्षा उंच जागी बसायचं नाही, अरेतुरे करायचं नाही.

"भंते, आपण नीट जेवता ना?" तिने विचारलं.

"जेवतो, उपासिके," तो म्हणाला.

मला हसू आवरेना. सकाळपर्यंत ती त्याला "मेल्या, चप्पल घाल" म्हणत होती. मग तिच्याकडे बघितलं तर तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या, आणि चेहरा असा उजळलेला की मी हसणं गिळून टाकलं. मुलगा वाचला यापेक्षाही तिला काहीतरी मोठं मिळालं होतं. आईबापांसाठी पोटचा मुलगा भिक्षू होण्याइतकं मोठं पुण्य दुसरं नाही. न्यो तुनला पाण्यातून सोडवायला याहून मोठं काय असणार?

चिठ्ठी निघाल्यावर घेतलेलं चीवर लष्कर मानत नाही, म्हणून वॉर्डात सांगायचं ठरलं की थुरेइन उत्तरेला जेडच्या, त्या हिरव्या दगडाच्या, खाणीत कामाला गेला. सो पाइंगला खरं माहीत होतं. न विचारण्याचे पैसे त्याने वेगळे घेतले आणि वर कळवलं की पोरगा बेपत्ता आहे, शोध चालू आहे. आमचं राज्य चालतं ते असं. लाच खाणारा माणूस त्या वेळी आम्हाला देवासारखा वाटला, हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

पण सान यीला झोप लागेना. कारण पुण्य करून भागत नाही, ते वाटावं लागतं. घंटा वाजवून, मोठ्याने, नाव घेऊन तीनदा सांगायचं की हे पुण्य मी केलं, ऐकणाऱ्यांनी वाटा घ्या हो, घ्या हो, घ्या हो. ऐकणारे "साधू, साधू, साधू", म्हणजे उत्तम केलंत, असं म्हणतात, मेलेलेही म्हणतात, आणि तेव्हा ते त्यांना पोचतं. आमच्याकडे लहान मुलालाही हे शिकवावं लागत नाही.

"मनातल्या मनात म्हण की," मी तिला सांगून पाहिलं.

"मनातलं त्याला कसं ऐकू जाणार? जिवंत होता तेव्हाही दोनदा हाक मारावी लागायची."

"सान यी, थोडी कळ काढ. हे दिवस जाऊ देत."

"तुझा नवरा घरात खाटेवर गेला, चो. तुला बोलायला काय जातंय?"

हे मला लागलं. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पण तिचं म्हणणं खोटं होतं असं मला म्हणता येईना.

पावसाळा संपला, दिव्यांची पौर्णिमा आली. त्या वर्षी आमच्या वॉर्डाच्या पॅगोड्यावर नवं छत्र चढवायचं होतं आणि ते देणार होते छावणीचे कर्नलसाहेब. या लोकांना पॅगोड्यांचं भारी वेड. गावं जाळायची आणि कळसाला सोनं लावायचं, म्हणजे वर हिशेब बरोबर राहतो अशी त्यांची समजूत असावी. सकाळपासून माइक लावलेला. ज्याने ज्याने काही दिलं त्याचं नाव आणि पुण्य एक माणूस गाऊन सांगत होता. पुढे गालिच्यावर कर्नल, त्यांच्या बायकोच्या गळ्यात हिरे, बाजूला सो पाइंग नव्या रेशमी लुंगीत.

सान यीने छत्रासाठी सोन्याचा एक वर्ख घेतला होता. आमचं ठरलं होतं, फक्त "दिवंगत ऊ न्यो तुन यांच्या नावे" इतकंच. मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं. माइकवाल्याने तेवढं म्हटलंही. मग रिवाजाप्रमाणे घंटेचा दांडका तिच्या हातात दिला आणि माइक तिच्या तोंडापुढे धरला.

तिने घंटा वाजवली. माझ्याकडे बघितलंच नाही.

"अहो, ऐकताय का!" ती नदीकडे तोंड करून ओरडली. "वर्ख राहू दे, तो छटाकभर आहे. आपल्या थुरेइनने चीवर घेतलं हो! पलीकडच्या काठावर बांबूच्या विहारात आहे तो. भंते ज्योतिक नाव आहे त्याचं. ते सगळं पुण्य तुमचं! अडकून राहू नका, जा आता. ऐकणाऱ्या सगळ्यांनी वाटा घ्या हो, घ्या हो, घ्या हो!"

मी तिचा हात ओढत होते, पण तोवर ते सगळ्या वॉर्डावर पसरलं होतं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. असं पुण्य कानावर पडल्यावर कुणाला गप्प बसता येतं का? सगळ्यांनी हात जोडले. "साधू, साधू, साधू." कर्नलने म्हटलं, त्यांच्या बायकोने म्हटलं, सो पाइंगचे ओठही हलले. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. कर्नलने हात खाली घेतले, त्याच्याकडे वळून हसत काहीतरी विचारलं, आणि तो नुसता मान हलवत राहिला.

सान यी खाली उतरली ती हलकी होऊन. "पोचलं," एवढंच म्हणाली. तिला काय केलं ते कळलं नव्हतं असं नाही. पायऱ्यांशी येताच तिने मला विचारलं, "कर्नलने त्याला काय विचारलं गं?"

दुसऱ्या सकाळी सो पाइंग तिच्या दुकानावर आला, पण बसला नाही.

"मावशी, मी आंधळा होतो ना? चांगला आंधळा होतो. तुम्ही पैसे देत होता, मी आंधळा राहत होतो. भर सभेत कर्नलपुढे तुम्ही मला डोळे दिलेत. आता मी काय करू?"

"भिक्षूला धरता येत नाही. कायदा आहे," सान यी म्हणाली.

"कायदा!" तो हसला, पण त्याला ते हसणं जमलं नाही. "मला रात्रीत तीनदा फोन आलाय. बेपत्ता म्हणून सही माझी आहे. माझाही मुलगा सतरा वर्षांचा आहे, मावशी."

तिने त्या क्षणी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. ती म्हणाली, "तुझा मुलगा सुखात राहो," आणि होडी शोधायला धावली. पण त्या काठावर जायची होडी म्हणजे मेजरच्या कंपनीची, आणि तिच्यावर सैनिक आधीच बसलेले होते. त्यांच्याच बरोबर बाकावर बसून आम्ही पलीकडे गेलो. एका कोवळ्या शिपायाने सान यीला बसायला जागा करून दिली.

विहारात कुणी आरडाओरडा केला नाही. सैनिकांनी बूट काढले, मोठ्या भंतेंना वाकून नमस्कार केला. त्यांचा सार्जंट मांडी घालून बसला आणि अगदी आदबीने बोलला.

"भंते, आपल्याकडे या पावसाळ्यात नवीन आलेले किती आहेत ते आम्ही मोजलेलं नाही. मोजायची इच्छाही नाही. पण एकाचं नाव साहेबांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तो एक मिळाला तर आम्ही इथे आलोच नव्हतो."

मोठे भंते ऐंशीच्या घरातले.  मागच्या पडवीत पोरं बसलेली, डोकी भादरलेली, एकमेकांना चिकटून. भंतेंनी जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाले, "मी कुणाला जा म्हणणार नाही. कुणाला राहा म्हणायची ताकद माझ्यात नाही."

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. अजून येतो. पण त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं हे कुणी विचारलं तर मी विषय बदलते.

थुरेइन उठला. तो पुढे येऊन भंतेंसमोर बसला आणि चीवर सोडायचं वाक्य म्हटलं. ते फार लहान असतं. आत जाऊन लुंगी आणि शर्ट घालून आला. शर्ट सैल झाला होता.

"तू पळ," सान यी म्हणाली. सैनिक ऐकत होते तरी म्हणाली. "मागे शेत आहे, पळ!"

"मी पळालो तर हे बाकीच्यांना मोजतील, आई."

त्याच्या तोंडून इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. त्याने खाली बसून तिला नमस्कार केला. आता त्याला शिवता येत होतं. तिने त्याच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला, मग मानेवरून, मग खांद्यावरून, आंधळी माणसं चाचपतात तसा. "केस वाढव," ती म्हणाली. "थंडी पडायला लागलीय."

"माझ्यामुळे झालं हे," ती होडीत बसल्यावर त्याला म्हणाली.

"बाबांना पोचलं ना?"

"पोचलं."

"मग झालं," तो म्हणाला.

प्रशिक्षणाच्या तळावरून त्याचे दोन फोन आले. तिसरा पश्चिमेकडच्या डोंगरातून, तोही दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलवरून. जेवतो, म्हणाला. थंडी आहे, म्हणाला. मग त्याची तुकडी जिथे होती ती चौकी बंडखोरांच्या हाती पडल्याची बातमी आली. बातमी म्हणजे लोक कुजबुजले. सरकारी टीव्हीवर त्या रात्री फुलांचं प्रदर्शन दाखवत होते.

सान यी छावणीच्या फाटकावर गेली. तिथून तिला वॉर्डाच्या कचेरीत पाठवलं, तिथून पुन्हा छावणीत. ती उन्हात उभी राहायची, मी छत्री धरायचे. शेवटी एका कारकुनाने सांगितलं की थुरेइन फरारी आहे. फरारी असल्यामुळे पगार नाही, भरपाई नाही, आणि तो घरी आला तर चोवीस तासांत कळवायचं, नाहीतर घराला टाळं. सान यीने विचारलं, "म्हणजे जिवंत आहे?" कारकून म्हणाला, "प्रेत मिळालं नाही त्याला आम्ही फरारी म्हणतो. लढाईत मेला असं लिहिलं तर पैसे द्यावे लागतात ना, मावशी."

सो पाइंगकडेही ती गेली. जंगलातल्या पोरांच्या भीतीने तो आता बंदोबस्तात फिरतो, दारावर दोन बंदूकवाले असतात. त्याने आम्हाला आत घेतलं, खुर्च्या दिल्या. "मावशी, तुमची शपथ," तो म्हणाला, "न्यायचे कोण ते मला कळवतात. परत आले कोण, ते आजवर कुणी कळवलेलं नाही." त्याचा मुलगा गेल्या महिन्यात सिंगापूरला शिकायला गेला असं ऐकलं.

परत येताना सान यी धक्क्याच्या पायरीवर बसली. बरोबर एक डबा होता. विहारात द्यायला म्हणून त्यात मोहिंगा घेतला होता. ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली, तिच्यासमोरून मेजरची होडी दोनदा गेली.

"चो, एक विचारू?" ती म्हणाली. इतक्या हळू की मला वाकावं लागलं. "तो मेला असेल, आणि मी घंटा वाजवून त्याला वाटा दिला नाही, तर तो तिथेच डोंगरात अडकून राहील. आणि जिवंत असेल, आणि मी मेलेल्यांत त्याचं नाव पुकारलं, तर? मी काय करू?"

 तिने मोठ्या भंतेंनाही तेच विचारलं, तर ते जपमाळ ओढायला लागले.

डबा आम्ही विहारात देऊन आलो. परतताना पॅगोड्यावरच्या घंटेपाशी ती थांबली, दांडक्याला हात लावला, आणि न वाजवताच खाली आली.